आधी प्रभूच्या पायाशी, मग प्रभूच्या कामाला



आपल्या धर्मग्रामात काम करणाऱ्या हातांची वाण नाही, ही देवाची मोठी कृपा आहे. रविवारी पहाटेच्या मिस्सेआधी वेदीवर फुले लावणारे आहेत, गायनवृंद आहे, वाचक आहेत, धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारे शिक्षक आहेत. आजाऱ्यांच्या घरी जाणारे आहेत, गरजूंच्या घरी गुपचूप किराणा पोहोचवणारे आहेत. सण जवळ आला की मंडप, रोषणाई, नोव्हेना, वर्गणी, जेवणाची व्यवस्था, सगळ्यांसाठी माणसे पुढे येतात. या सर्वांचे ऋण धर्मग्रामावर आहे आणि ते मानूनच आज आपण एका विषयाचा अभ्यास करणार आहोत.

विषय असा : ज्याच्यासाठी ही सगळी धावपळ चालते, त्या प्रभूबरोबर आपण किती वेळ बसतो?

सणाच्या मिस्सेच्या वेळी आपल्यातले काहीजण मंडपाबाहेर जेवणाची कुपने मोजत असतात. वाचन चालू असताना गायक पुढच्या गीताचे पान शोधत असतो. समितीची सभा दोन तास चालते आणि त्या सभेची प्रार्थना अर्ध्या मिनिटात उरकते. घरी आल्यावर इतका थकवा आलेला असतो की रात्रीची रोझरीही राहून जाते. देवळाच्या आवारात दिवसभर वावरलो, पण देवाशी दोन शब्द बोललो नाही, असे आपल्यापैकी पुष्कळांच्या बाबतीत घडते. हा कुणावर आरोप नाही. हा प्रश्न ख्रिस्तसभेइतकाच जुना आहे आणि त्याचे उत्तर प्रभूने एका घराच्या ओसरीत दिलेले आहे.

त्या घरात काय घडले?

संत लूक यांच्या शुभवर्तमानातील हा उतारा (लूक १०:३८-४२) आपण सर्वांनी ऐकला आहे. तीन वर्षांच्या वाचनचक्रातील ‘क’ वर्षी, सामान्य काळातील सोळाव्या रविवारी तो वाचला जातो. २०२५ साली २० जुलैला आपण तो ऐकला. लूक गावाचे नाव देत नाहीत; पण संत योहान यांच्या शुभवर्तमानावरून आपल्याला कळते की मार्था, मरिया आणि त्यांचा भाऊ लाजरस बेथानी गावात राहत होते. हे गाव येरुशलेमपासून जेमतेम तीन किलोमीटरवर आहे.

मार्था येशूला घरात घेते. हे आधी नीट लक्षात घेऊ या : दार उघडणारी मार्था आहे. ती नसती तर मरियेला प्रभूच्या पायाशी बसायला मिळालेच नसते. पाहुणा आला म्हणजे स्वयंपाक आला, पाणी आले, बसायची-झोपायची सोय आली. येशूबरोबर शिष्यही असतील तर घरातल्या बाईचे काय होत असेल, हे आपल्या घरांतल्या आईंना आणि वहिनींना सांगायला नको.

मरिया मात्र येशूच्या पायाशी बसून त्याचे बोलणे ऐकते. गुरूच्या पायाशी बसणे ही त्या काळी शिष्याची जागा होती. संत पौल आपल्या शिक्षणाविषयी सांगतात, तेव्हा आपण गमलिएल या गुरूच्या पायाशी शिकलो असेच सांगतात (प्रे. कृत्ये २२:३). म्हणजे मरिया आळसाने टेकलेली नाही. ती शिष्य होऊन बसलेली आहे आणि प्रभू तिला ती जागा देतो.

मार्था मात्र कामाने ओढली जाते. लूक यांनी येथे वापरलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘चारी बाजूंनी खेचले जाणे’ असा आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर तिचे मन एका ठिकाणी राहिले नाही. शेवटी ती येशूपाशी येते आणि तक्रार करते : बहिणीने मला एकटीला कामात सोडले आहे, याचे तुला काहीच वाटत नाही का? तिला मला मदत करायला सांग.

प्रभूने दोष कशाला दिला?

पुष्कळदा आपण हा उतारा घाईने वाचतो आणि ‘प्रार्थना चांगली, काम कमी दर्जाचे’ असा अर्थ काढतो. मग स्वयंपाकघरात राबणाऱ्या बायांना वाईट वाटते आणि ते बरोबरही आहे. पण प्रभू मार्थाला ‘तू स्वयंपाक का करतेस’ असे विचारत नाही. ‘काम टाकून इथे येऊन बस’ असेही तो म्हणत नाही. तो तिच्या मनाची अवस्था तिला दाखवतो : तू पुष्कळ गोष्टींची काळजी करतेस, तुझे मन अस्वस्थ झाले आहे, गरज मात्र एकाच गोष्टीची आहे. मरियेने चांगला वाटा निवडला आहे आणि तो तिच्याकडून काढून घेतला जाणार नाही.

तिला बोलावताना प्रभू तिचे नाव दोनदा घेतो. पवित्र शास्त्रात अशी दुहेरी हाक फार मोजक्या माणसांना आली आहे. जळत्या झुडपापाशी मोशेला, रात्रीच्या वेळी मंदिरात बाल शमुवेलला, दमास्कसच्या वाटेवर शौलला अशीच हाक आली. ज्याला देव जवळ बोलावतो त्याला अशी हाक मारतो. तेव्हा मार्थाला मिळाले ते फक्त रागावणे नव्हते, तिलाही बोलावणे आले होते.

हा उतारा कुठे आला आहे, तेही पाहण्यासारखे आहे. त्याच्या अगदी आधी चांगल्या शोमरोनीचा दाखला आहे (लूक १०:२५-३७). तेथे रस्त्यात पडलेल्या जखमी माणसाला टाळून पुढे गेलेला याजक आणि लेवी यांना प्रभू दोषी ठरवतो आणि थांबून जखमा बांधणाऱ्याला शाबासकी देतो. आणि या उताऱ्याच्या लगेच नंतर, अकराव्या अध्यायाच्या सुरुवातीला, प्रभू स्वतः प्रार्थना करतो आणि शिष्यांना ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना शिकवतो. एका बाजूला शेजाऱ्याची सेवा, दुसऱ्या बाजूला पित्याशी संवाद आणि मधोमध बेथानीचे घर. हा क्रम पाहिला की सेवा सोडायला कोणीच सांगत नाही, हे स्पष्ट होते. सेवा कुठून निघावी, एवढाच प्रश्न आहे.

प्रभूचा स्वतःचा दिवस

येशू स्वतः कसा जगला ते पाहू या. संत मार्क यांनी कफर्णहूममधल्या एका दिवसाचे वर्णन केले आहे (मार्क १:२१-३८). शब्बाथ आहे. येशू सभास्थानात शिकवतो, भूतग्रस्ताला मुक्त करतो, मग सिमोनच्या घरी जाऊन त्याच्या तापाने फणफणलेल्या सासूला बरे करतो. सूर्य मावळल्यावर सगळे गाव दाराशी जमते. रात्र किती झाली असेल कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत झोपायचा हक्क त्याला नक्कीच होता. पण अजून अंधार असतानाच तो उठतो, एकांतात जातो आणि प्रार्थना करतो.

पुढे काय होते ते फार बोलके आहे. सिमोन आणि सोबती त्याला शोधत येतात. सर्व लोक तुझी वाट पाहत आहेत, असे सांगतात. कोणताही कार्यकर्ता हे ऐकून लगबगीने परतला असता. इतकी मागणी आहे, इतके नाव झाले आहे! पण येशू म्हणतो की आपण दुसऱ्या गावांना जाऊ, कारण त्यासाठीच मी आलो आहे. लोकांच्या मागणीने त्याचा दिवस ठरला नाही, पित्याच्या इच्छेने ठरला. आणि पित्याची इच्छा त्याने त्या अंधारातल्या एकांतात जाणून घेतली होती.

बारा प्रेषितांना निवडण्याआधी त्याने सबंध रात्र प्रार्थनेत घालवली (लूक ६:१२). आणि बाराजणांना कशासाठी निवडले, हे मार्क यांनी क्रमाने लिहिले आहे : आधी त्यांनी त्याच्याबरोबर असावे म्हणून आणि मग त्याने त्यांना उपदेशासाठी पाठवावे म्हणून (मार्क ३:१४). पहिले बोलावणे सोबतीचे आहे, कामाचे नंतर. आपण पुष्कळदा दुसरीच ओळ वाचतो.

पुढे प्रेषित काम करून परत आले, तेव्हा गर्दी इतकी होती की त्यांना जेवायलाही सवड मिळेना. येशू त्यांना एकांतात विसावा घ्यायला घेऊन गेला. तेथेही लोक आधीच येऊन थांबले होते. त्यांना पाहून त्याला कळवळा आला आणि तो त्यांना शिकवू लागला (मार्क ६:३०-३४). म्हणजे प्रार्थनेचे निमित्त सांगून त्याने माणसांना कधी हाकलून दिले नाही. पण गर्दी आहे म्हणून एकांत कायमचा सोडूनही दिला नाही. पाच हजारांना जेवू घातल्यावर लोकांना निरोप देऊन तो पुन्हा डोंगरावर प्रार्थनेला गेला, असे त्याच अध्यायात आपण वाचतो.

पहिल्या ख्रिस्तसभेपुढचा पेच

आपल्यासारखाच प्रश्न येरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्ती समूहापुढे आला. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर सुरू झाली (प्रे. कृत्ये ६:१-७). तक्रार खरी होती आणि काम पुण्याचे होते. प्रेषितांनी ते काम बंद केले नाही आणि विधवांना थांबायलाही सांगितले नाही. त्यांनी सात माणसे निवडायला सांगितली आणि स्वतः प्रार्थना व देवशब्दाची सेवा यांना धरून राहिले.

त्या सात माणसांची पात्रता काय असावी? पंगतीला वाढायचे काम होते. हिशेबात चोख, अंगाने दणकट अशी माणसे पुरली असती. पण प्रेषितांनी अट घातली ती अशी : ती माणसे नावलौकिकाची, पवित्र आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेली असावीत. वाढप्यांसाठीसुद्धा आत्म्याने भरलेले असणे आवश्यक मानले गेले. त्या सातांपैकी स्तेफन पुढे ख्रिस्तसभेचा पहिला रक्तसाक्षी झाला. आपल्या समित्यांची निवड करताना हा अध्याय एकदा वाचायला हवा.

संतांचा अनुभव

बाराव्या शतकात क्लेअरवो मठातील संत बर्नार्ड यांचा एक शिष्य ११४५ साली पोप झाला. तेच पोप तिसरे युजीन. शिष्य पोप झाला म्हणून बर्नार्ड नुसते आनंदले नाहीत, त्यांना काळजी वाटली. दिवसभर खटले, भेटी आणि कारभार यांत बुडालेल्या आपल्या शिष्यासाठी त्यांनी एक ग्रंथच लिहिला. अखंड कामाने मन हळूहळू कठीण होते आणि ते कठीण झाल्याचे त्या माणसाला कळतही नाही, असा इशारा त्यांनी पोपमहोदयांना दिला. काम ख्रिस्तसभेचे आहे म्हणून हा धोका टळत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

त्याच बर्नार्ड यांनी एका प्रवचनात पाट आणि जलाशय यांची उपमा वापरली आहे. पाट पाणी घेतो आणि लगेच सोडून देतो. जलाशय आधी स्वतः भरतो आणि भरून वाहू लागला की दुसऱ्यांना देतो. आपल्या वसईकरांना हे समजायला सोपे आहे. पावसात बावखल भरले तर वाडीतल्या विहिरीला पाणी टिकते. बावखल कोरडे राहिले तर विहिरीवर कितीही मोठा पंप बसवा, काही दिवसांत तो हवाच ओढणार.

आविलाच्या संत तेरेजा यांनी सतरा मठ स्थापन केले. बैलगाडीने प्रवास, जागेचे व्यवहार, कोर्टकचेऱ्या, सगळे त्यांनी केले. १५७७ साली लिहिलेल्या ‘आंतरिक राजवाडा’ या ग्रंथाच्या शेवटी त्या सांगतात की प्रभूचे आतिथ्य करायचे तर मार्था आणि मरिया या दोघींनी एकत्र यायला हवे. त्यांच्या मते प्रार्थनेतून चांगली कृत्ये जन्माला यायलाच हवीत.

आपल्या देशातले उदाहरण कोलकात्याच्या संत मदर तेरेसा यांचे आहे. मिशनरीज ऑफ चॅरिटी संस्थेला काम कमी नव्हते. रस्त्यावर मरणारी माणसे वाट पाहत होती. तरीही १९७३ साली संस्थेने रोज एक तास पवित्र साक्रामेंताच्या आराधनेला द्यायचे ठरवले. त्याआधी ही आराधना आठवड्यातून एकदा होत असे. इतकी माणसे वाट पाहत असताना तासभर बसून राहणे कुणालाही परवडणारे वाटले नसते. पण या आराधनेमुळे गरिबांची सेवा कमी करावी लागली नाही, असे मदर स्वतः सांगत असत. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ सालच्या आपल्या पहिल्या विश्वपत्रात सेवाकार्यात गुंतलेल्यांना प्रार्थनेचे महत्त्व सांगताना मदर तेरेसा यांचाच दाखला दिला. त्याआधी, २००१ साली, पोप जॉन पॉल दुसरे यांनीही ‘करण्यासाठी करत राहणे’ या मोहापासून सावध केले होते आणि त्यांनी आठवण करून दिली ती मार्थाचीच.

जे काढून घेतले जाणार नाही

आता या उताऱ्यातल्या शेवटच्या गोष्टीकडे येऊ या. मरियेचा वाटा तिच्याकडून काढून घेतला जाणार नाही, असे प्रभू म्हणतो. याचा दुसरा अर्थ असा की बाकीचे वाटे काढून घेतले जाऊ शकतात.

आपण हे डोळ्यांनी पाहतो. वर्षानुवर्षे गायनवृंदात उंच स्वरात गाणाऱ्याचा आवाज एक दिवस बसतो. मंडपाचे खांब उचलणाऱ्याचे गुडघे जातात. नवी समिती येते आणि जुन्या सेक्रेटरीला कुणी विचारत नाही. वेदीची सजावट करणाऱ्या बहिणीला पक्षाघात होतो आणि ती अंथरुणाला खिळते. काम हातातून जाते, आज ना उद्या ते प्रत्येकाच्या हातातून जाणार आहे.

त्या दिवशी काय उरते? ज्यांचे देवाशी नाते फक्त कामापुरते होते, त्यांना त्या दिवशी देवानेच आपल्याला टाकले असे वाटू लागते. काहीजण पद गेल्यावर देवळातच येईनासे होतात. त्यांना हसण्याचे किंवा नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यांची जखम खरी आहे. पण ती जखम आपल्याला काहीतरी सांगते. पदाबरोबर देवळाची वाटही सुटत असेल, तर इतकी वर्षे आपण प्रभूला भेटायला येत होतो की पदाला?

उलट, आपल्या घराघरांत अशा आजीही आहेत ज्यांना आता उठवत नाही. त्यांच्या हातात माळ असते. त्या नातवंडांसाठी, फादरांसाठी, परदेशी गेलेल्या मुलांसाठी प्रार्थना करतात. महिन्यातून एकदा ख्रिस्तप्रसाद घरी येतो तेव्हा त्यांचा चेहरा उजळतो. त्यांच्या हातून सगळे काम गेले, पण तो वाटा गेला नाही. तो एका दिवसात मिळालेला नाही. अंगात बळ होते तेव्हाच त्यांनी तो निवडून ठेवला होता.

ख्रिस्तसभेने ही गोष्ट १९२७ साली सर्व जगापुढे ठेवली. त्या वर्षी पोप अकरावे पायस यांनी मिशनकार्याचे आश्रयदाते म्हणून दोन संतांची नावे एकत्र घोषित केली. एक संत फ्रान्सिस झेवियर. १५४२ साली गोव्यात उतरून ते भारताचा किनारा, मलाक्का, जपान असे फिरले आणि १५५२ साली चीनच्या दारात त्यांनी देह ठेवला. दुसऱ्या लिझ्यूच्या संत तेरेजा. पंधराव्या वर्षी त्या कार्मेल मठात गेल्या, क्षयाने खंगल्या आणि १८९७ साली वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी वारल्या. मिशनरी म्हणून त्यांनी एकाही देशात पाऊल ठेवले नाही. दोन मिशनरी बंधूंना पत्रे लिहिली आणि त्यांच्यासाठी प्रार्थना केली. समुद्र पार करणारा आणि अंथरुणावर पडून प्रार्थना करणारी, दोघांना ख्रिस्तसभेने एकाच ओळीत बसवले. आणि झेवियर यांच्याविषयीही हे विसरू नये की दिवसभर बाप्तिस्मे देऊन हात थकलेला हा माणूस रात्री प्रार्थनेला बसत असे.

धोक्याची चिन्हे

आपली सेवा प्रभूपासून तुटत चालली आहे, हे ओळखायचे कसे? मार्थाच्या तक्रारीतच त्याची चिन्हे सापडतात.

पहिले चिन्ह तुलना. तिची नजर प्रभूवरून निघून बहिणीवर गेली. आपणही ‘मी इतके करतो, तो काय करतो?’ असे मोजू लागलो की सावध व्हावे.

दुसरे चिन्ह ‘मी एकटा’ ही भावना. आपल्यावाचून देऊळ चालणार नाही असे वाटू लागले, तर ते देऊळ कुणाचे आहे याचा विसर पडला आहे.

तिसरे चिन्ह प्रभूला आज्ञा करणे. मार्था त्याला काय सांगायचे ते सांगते, त्याचे ऐकत नाही. आपल्या प्रार्थनेत फक्त मागण्यांची यादी असेल आणि ऐकण्याला जागाच नसेल, तर आपणही तिथेच उभे आहोत.

चौथे चिन्ह कडवटपणा. आभाराच्या यादीत नाव राहिले म्हणून अबोला, गीत कोण गाणार यावरून वाद, एका सभेतल्या शब्दावरून वर्षभर तोंड फिरवणे. प्रेमाने सुरू केलेले काम असे रागात संपते, तेव्हा आतले पाणी आटले आहे असे समजावे. प्रकटीकरणाच्या ग्रंथात एफेसस येथील ख्रिस्तसभेला प्रभू हेच सांगतो. तिचे श्रम आणि तिची सहनशीलता तो मान्य करतो, पण तिने आपली पहिली प्रीती सोडली याचे त्याला दुःख आहे (प्रकटी. २:१-५).

आणखी एक गोष्ट. आपली मुले आपल्याला देवळात धावपळ करताना रोज पाहतात. ती आपल्याला गुडघे टेकून शांत बसलेले कधी पाहतात का? मोठेपणी ती कशाची आठवण ठेवतील?

दोन शंका

कुणी म्हणेल, ‘आम्हाला वेळ कुठे आहे?’ पहाटेची लोकल, संध्याकाळी थकून परत, घरात आजारी आईवडील, मुलांचा अभ्यास. ही अडचण खोटी नाही. ज्या बहिणीला सासूची शुश्रूषा सोडून आराधनेला जाता येत नाही, तिला प्रभू दोष देत नाही. त्या आजारी माणसात तोच आहे (मत्तय २५:३६). पण त्या शुश्रूषेच्या मधल्या दोन मिनिटांतही मन त्याच्याकडे वळवता येते. वेळ किती हा प्रश्न नंतरचा. जो वेळ आहे त्यात पहिला वाटा त्याला की उरलेला, हा प्रश्न आधीचा.

दुसरी शंका उलट बाजूची आहे. ‘आम्ही मरियेसारखे प्रार्थना करणारे, कामे तुम्ही करा’ असे म्हणून मागच्या बाकावरून फक्त चुका काढणारेही असतात. त्यांनी मरियेचे नाव घेऊ नये. प्रभूचे शब्द ज्याने खरोखर ऐकले, त्याला रस्त्यातला जखमी माणूस दिसल्याशिवाय राहत नाही.

आपण काय करू शकतो?

१. रोज पंधरा मिनिटे ठरवू या. सकाळी मोबाईल हातात घेण्याआधी किंवा लोकलमध्ये जागा मिळाल्यावर येत्या रविवारचे शुभवर्तमान हळूहळू वाचावे आणि मग काही न मागता थोडे शांत बसावे.

२. सणाच्या दिवशी प्रत्येक स्वयंसेवकाला एक तरी मिस्सा कोणत्याही कामाशिवाय, देवळात बसून मिळावी, अशा पाळ्या लावाव्यात. ज्याच्या सणासाठी राबतो त्याच्या मेजावरून उपाशी परतू नये.

३. समितीची सभा देवशब्दाच्या वाचनाने आणि पाच मिनिटांच्या मौनाने सुरू करावी. सभा लांबेल अशी भीती नको. वाद कमी झाले तर ती आटोपशीरच होईल.

४. काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर पवित्र साक्रामेंतासमोर क्षणभर थांबावे. प्रेषितांनी परतल्यावर आपण काय काय केले ते येशूला सांगितले (मार्क ६:३०). आपणही सांगावे, मग घरी जावे.

५. ज्यांच्याकडे तीन-चार जबाबदाऱ्या आहेत त्यांनी एक जबाबदारी एखाद्या तरुणाला शिकवून त्याच्या हाती द्यावी. काम वाटल्याने ते थांबत नाही, हे प्रेषितांनी दाखवून दिले आहे.

६. जे आता काम करू शकत नाहीत अशा वृद्धांना आणि आजाऱ्यांना आपल्या उपक्रमांसाठी प्रार्थना करण्याची विनंती करावी. त्यांचाही सेवेत वाटा आहे, हे त्यांना कळू द्यावे.

पुन्हा बेथानीत

शुभवर्तमानात मार्था आणखी दोनदा भेटते. भाऊ लाजरस मरण पावल्यावर येशू येतो, तेव्हा गावाबाहेर त्याला सामोरी जाणारी मार्थाच असते. भरल्या दुःखात ती कबूल करते की तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस (योहान ११:२७). पेत्राने दिलेल्या कबुलीच्या तोडीची ही कबुली आहे. पायाशी न बसल्याबद्दल जिला समज मिळाली, तिने ते शब्द मनात नीट साठवले होते.

मग वल्हांडणाच्या सहा दिवस आधी त्याच बेथानीत येशूसाठी जेवण होते (योहान १२:१-३). लाजरस पंगतीला बसला आहे. मरिया मौल्यवान सुगंधी तेलाने प्रभूच्या पायांना अभ्यंग करते. आणि मार्था? ती वाढते आहे. काम तेच, हातही तेच. पण या वेळी तिच्या तोंडी तक्रार नाही. बहीण पुन्हा प्रभूच्या पायाशी आहे आणि मार्थाला त्याचे काही वाटत नाही. तिने सेवा सोडली नाही; तिची सेवा हलकी झाली.

पूर्वी २९ जुलैला फक्त संत मार्था यांचा स्मरणदिन असे. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी त्या दिवशी मार्था, मरिया आणि लाजरस या तिघा भावंडांचे स्मरण एकत्र करायचे ठरवले. राबणारी, ऐकणारी आणि मरणातून उठलेला, तिघेही एकाच घरातले, तिघांवरही प्रभूची प्रीती. आपले धर्मग्रामही असेच बेथानीचे घर व्हावे.

समूहात चिंतनासाठी प्रश्न

१. गेल्या आठवड्यात देवळासाठी आपण किती वेळ दिला? त्यातला देवाबरोबर किती गेला?

२. मार्थाच्या चार चिन्हांपैकी आपल्या समूहात कोणते दिसते?

३. आज आपले सर्व पद आणि काम गेले, तर प्रभूशी आपले नाते कशावर उभे राहील?

४. वर दिलेल्या सहा गोष्टींपैकी कोणती एक आपण या महिन्यात सुरू करू?

प्रार्थना

हे प्रभू येशू, आमच्या घरी आणि आमच्या देवळात तू पाहुणा होऊन येतोस. आम्ही तुझ्यासाठी धावत असताना तुलाच विसरू नये, एवढी कृपा कर. आमचे हात कामात असोत, पण कान तुझ्याकडे असोत. आणि ज्या दिवशी हातून काहीच होणार नाही, त्या दिवशीही तुझ्या पायाशी आमची जागा राहू दे. आमेन.